बागेत सापडलेला भुंगेरा परका आहे का? ओळख सारखी चुकते तेव्हा काय तपासायचं

बागेतल्या भुंगेऱ्यांची ओळख पटवून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे आणि अडचण जवळजवळ दर वेळी तीच असते. कुणाला तरी पानावर चकचकीत, कधी न पाहिलेला भुंगेरा दिसतो. घाईत एक फोटो निघतो, नावाचा शोध सुरू होतो आणि नाव हाती येईपर्यंत किडा चिरडलेला असतो किंवा झाडावर औषध मारून झालेलं असतं. मग कळतं की नाव चुकीचं होतं, आणि पुन्हा तपासायला हातात काहीच उरलेलं नाही.

यात नुकसान दोन्हीकडून होतं. कधी निरुपद्रवी, अगदी उपयोगी असा स्थानिक भुंगेरा परका ठरून मारला जातो. कधी खरोखर नवा आलेला भुंगेरा "असेल इथलाच" म्हणून सुटतो. दुसरी चूक कमी वेळा होते, पण ती झाली की आसपासच्या सगळ्या झाडांना भोगावी लागते. म्हणून खालचा क्रम मी ठरवून ठेवला आहे: ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी, जे आपल्या हाताबाहेरचं आहे ते शेवटी.

लक्षणं: तुमचा प्रकार यातला कोणता?

- ओळख सांगणारं अ‍ॅप प्रत्येक फोटोला वेगळं नाव देतं.
- नाव एकच येतं, पण तो भुंगेरा तुमच्या खंडात आढळतच नाही असं वाचायला मिळतं.
- चित्र हुबेहूब जुळतं, पण तुमचा किडा त्यातल्या मापाच्या निम्मा किंवा दुप्पट आहे.
- गेल्या हंगामापर्यंत एकही नव्हता आणि आता एकाच झाडावर झुंडीने दिसताहेत.
- मातीत किंवा कुंडीत पांढऱ्या, इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या सापडल्या, भुंगेरा मात्र दिसलेला नाही.
- किडा नाहीच. जिवंत झाडाच्या खोडावर नीट कोरलेलं भोक आहे आणि खाली भुसा पडला आहे.

पहिले तीन प्रकार बहुतेक वेळा घरच्या घरी सुटतात. चौथ्याला थोडी मेहनत लागते. पाचवा घरी सुटत नाही. सहावा तुमच्याकडे असेल तर बाकीचं वाचण्याआधी खाली खोडावरच्या भोकांचा भाग वाचा, कारण तिथे वेळेला महत्त्व आहे.

सगळ्यात आधी: किडा जपून ठेवा

ही तपासणी नाही, पण हिच्यावाचून पुढची एकही तपासणी होत नाही. झाकणाची छोटी बरणी घ्या, आत कागदाचा तुकडा टाका. भुंगेऱ्यावर बरणी पालथी धरा आणि खालून जाड कागद सरकवा. नुसत्या हाताने पकडू नका. हिंगे किड्यांच्या अंगातून निघणाऱ्या द्रवाने कातडीवर फोड येतात. पेडेरस नावाचा काळा-नारिंगी, मुंगीसारखा लांबट भुंगेरा अंगावर चिरडला गेला तर भाजल्यासारखा चट्टा उठतो.

बरणी काही मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली की किडा मंदावतो आणि फोटो नीट निघतात. किडा परका असल्याची शंका असेल तर त्याला परत सोडू नका आणि जिवंत घेऊन कुठे जाऊही नका. जिथे पोचायला नको तिथे तो तुमच्याच बरणीतून पोचू शकतो, शिवाय यादीतल्या किडी जिवंत बाळगायला आणि हलवायला बऱ्याच देशांत कायद्यानेच बंदी आहे. फोटो झाले की बरणी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. किडा मरतो, मोडत नाही आणि त्याचा डीएनएसुद्धा शाबूत राहतो. जास्त दिवस ठेवायचा तर अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मॅलिन मात्र वापरू नका, त्याने पुढची डीएनए तपासणी अवघड होते.

तारीख, ठिकाण आणि झाडाचं नाव लिहिलेली चिठ्ठी त्याच बरणीला चिकटवा. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही सुंदर असला तरी अभ्यासकाच्या दृष्टीने निम्मा वाया गेलेला असतो.

१. हा भुंगेरा आहे का?

प्रश्न बाळबोध वाटेल, पण माझ्याकडे 'परका भुंगेरा' म्हणून येणाऱ्या फोटोंमध्ये ढेकण्या वर्गातले किडे भरपूर असतात. पाठीकडे वरून पाहा. भुंगेऱ्याचे पुढचे पंख कडक होऊन त्यांची दोन झाकणं झालेली असतात आणि ती पाठीच्या मधोमध एका सरळ रेषेत मिळतात. ढेकण्याचे पंख एकमेकांवर चढतात, त्यामुळे पाठीवर फुलीसारखा आकार आणि मधे ठळक त्रिकोण दिसतो, आणि पंखांची टोकं पातळ, पारदर्शक असतात. मग तोंड पाहा. भुंगेऱ्याला चावणारे जबडे असतात, ढेकण्याला पोटाखाली दुमडलेली सुईसारखी सोंड. सोंड्या भुंगेऱ्यांनाही सोंड असते हे खरं, पण ती डोक्याचाच पुढे वाढलेला भाग असते आणि तिच्या टोकाला जबडे असतात.

ही पायरी आधी का? ढेकण्या रस शोषतो, भुंगेरा चावतो. पानाला भोकं पडली आहेत आणि तुमच्या बरणीत रस शोषणारा किडा आहे, तर तुम्ही चुकीचा आरोपी धरला आहे. खरा अजून झाडावरच आहे.

अपवाद दोन लक्षात ठेवा. रोव्ह बीटलचे कडक पंख इतके आखूड असतात की अर्धं पोट उघडं राहतं आणि तो भुंगेरा वाटतच नाही. आणि ढेकण्यांची पिल्लं गोल, ठिपकेदार असल्यामुळे लेडीबर्डसारखी दिसतात, पण त्यांच्या पाठीवर ती मधली रेषा नसते.

२. माप घ्या

किड्याशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. नाणं ठेवू नका. फोटो पाहणारा दुसऱ्या देशात असेल तर त्याला ते नाणं माहीत नसतं. डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये लिहा, मिशा त्यात धरू नका.

माप फार मोठं काम करतं. जपानी भुंगेरा (पॉपिलिया जॅपोनिका) साधारण १० मिमी असतो. युरोपातल्या बागांमध्ये गुलाबावर दिसणारा हिरवा सिटोनिया त्याच्या जवळपास दुप्पट असतो. पडद्यावर दोघं सारखेच मोठे दिसतात, मोजपट्टीवर क्षणात वेगळे होतात.

इथे एक गैरसमज मला सारखा भेटतो: "हा लहान आहे, अजून वाढायचा असेल." भुंगेरा वाढतो तो अळीच्या अवस्थेत. कोषातून पंख घेऊन बाहेर पडला की त्याची वाढ संपली. छोटा भुंगेरा हा मोठ्याचं पिल्लू कधीच नसतो. अळीला खायला कमी मिळालं असेल तर भुंगेरा थोडा खुजा निघतो, म्हणून थोडाफार फरक सोडून द्या. दुप्पट-निम्म्याचा फरक मात्र सोडू नका.

३. फोटो पुन्हा काढा आणि अ‍ॅपला पुन्हा विचारा

एका फोटोवर कुणीही, माणूस असो की अ‍ॅप, नाव सांगू नये असं माझं मत आहे. वरून, बाजूने, समोरून चेहरा, पोटाची बाजू आणि मिशांचा जवळून, असे पाच फोटो घ्या. सावलीतल्या उजेडात घ्या, फ्लॅश बंद ठेवा. धातूसारखी चमक असलेल्या भुंगेऱ्यांचा रंग उजेडाच्या कोनाप्रमाणे बदलतो; हिरवा किडा फ्लॅशमध्ये तांबूस किंवा निळा दिसला की शोध भलत्याच दिशेला जातो.

मग पाचही फोटो अ‍ॅपमध्ये टाका आणि ठिकाण भरायला विसरू नका. अ‍ॅप चित्रावरून अंदाज बांधतं आणि ज्या किड्यांचे फोटो जगात जास्त निघाले आहेत त्यांच्याकडे त्याचा ओढा असतो. बातम्यांमध्ये गाजलेल्या परक्या किड्यांचे फोटो अर्थातच जास्त असतात. त्यामुळे अ‍ॅपचं उत्तर कुळापर्यंत किंवा फार तर वंशापर्यंत धरा. पाचही फोटोंना कूळ एकच आलं आणि फक्त जात बदलत राहिली, तर तुम्हाला बरंच काही मिळालं आहे: पुढचा शोध त्या एका कुळात करायचा.

४. झाड ओळखा आणि खाण्याची खूण पाहा

काही भुंगेरे खाण्याच्या बाबतीत फार हट्टी असतात. लाल लिली भुंगेरा लिली आणि तिच्या जवळच्या फ्रिटिलेरियावरच वाढतो. पन्ना भुंगेरा म्हणता येईल असा अ‍ॅग्रिलस प्लॅनिपेनिस मुख्यतः अ‍ॅशच्या झाडांत वाढतो. असा किडा भलत्याच झाडावर सापडला तर नावाबद्दल शंका घ्या. उलट जपानी भुंगेरा ३०० हून जास्त प्रकारच्या वनस्पती खातो, तिथे झाडाच्या नावावरून काही ठरत नाही.

पट्ट्यांच्या पानभुंगेऱ्यांचं उदाहरण घ्या. कोलोराडो बटाटा भुंगेरा पिवळसर असतो आणि त्याच्या पाठीवर दहा काळे पट्टे असतात, प्रत्येक पंखावर पाच. गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगेरा (झायगोग्रामा बायकलोराटा) हाही फिकट रंगाचा, गडद पट्ट्यांचा, त्याच कुळातला. दूरून काढलेल्या फोटोत दोघांची गल्लत होऊ शकते. पण पहिला बटाटा-वांग्याच्या कुळातल्या झाडांवर असतो आणि दुसरा गाजर गवतावर, शिवाय दुसरा आकाराने बराच लहान. झाड आणि माप या दोन गोष्टींनी हा प्रश्न सुटतो, भिंगही लागत नाही.

एक सावधगिरी हवी. किडा पानावर बसला आहे याचा अर्थ तो ते पान खातो आहे असा होत नाही. तो परागासाठी आला असेल, माव्याच्या शिकारीवर असेल, नुसता विसावला असेल. म्हणून खाण्याची खूण पाहा. शिरा ठेवून मधलं सगळं खाल्लेलं, जाळी झालेलं पान ही जपानी भुंगेऱ्याची ठळक खूण आहे. कडेला अर्धगोल खाचा सोंड्या भुंगेऱ्यांच्या असतात. रात्री विजेरी घेऊन एकदा जा. दिवसा पानावर दिसणारा आणि रात्री पान खाणारा पुष्कळदा वेगळे निघतात.

५. रंग सोडा, अंग वाचा

ठिपके मोजण्यात लोकांचा सगळ्यात जास्त वेळ जातो आणि त्यातून सगळ्यात कमी हाती लागतं. हार्लेक्विन लेडीबर्ड (हार्मोनिया अ‍ॅक्सिरिडिस) घ्या. तो नारिंगी असतो आणि त्यावर काळे ठिपके, किंवा काळा असतो आणि त्यावर लाल ठिपके, किंवा नारिंगी आणि ठिपकेच नाहीत. एकाच जातीची ही रूपं आहेत. त्याची ओळख जास्त भरवशाची होते ती ५ ते ८ मिमी लांबीवरून, तपकिरी पायांवरून आणि डोक्यामागच्या पांढऱ्या ढालीवरच्या काळ्या, इंग्रजी 'एम'सारख्या खुणेवरून. यातली एकच गोष्ट जुळली तर पुरत नाही, एकत्र जुळायला हव्यात.

अंग वाचायची सुरुवात मिशांपासून (शृंगिकांपासून) करा, कारण कूळ तिथे कळतं:

मिशांच्या टोकाला पंख्यासारख्या उघडणाऱ्या पट्ट्या असतील तर किडा हुमणीच्या भुंगेऱ्यांच्या गटातला. सोंड आणि तिच्यावर कोपरात वाकल्यासारख्या मिशा असतील तर सोंड्या. मिशा अंगाएवढ्या किंवा अंगाहून लांब असतील तर लांबशिंग्या, म्हणजे ज्यांच्या अळ्या लाकूड पोखरतात त्यांपैकी. अंग बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं, धातूसारखं चमकदार आणि मिशा आखूड, करवतीसारख्या असतील तर ज्वेल बीटलचं कूळ.

नंतर डोक्यामागची ढाल, पाय आणि पोटाच्या कडा. दहा पट मोठं दाखवणारं हातभिंग असेल तर पायांच्या टोकाचे सांधे मोजा. कुळं वेगळी करताना तज्ज्ञ हेच मोजतात. ते जमलं नाही तरी अडत नाही, फोटोत ते स्पष्ट यावेत एवढं पाहा.

६. इथला जुळा शोधा

माझ्या मते सगळ्या क्रमात ही पायरी सर्वांत मोलाची आहे, आणि लोक नेमकी हीच गाळतात. परक्या नावाची चित्रं पाहत बसण्याऐवजी "या नावासारखा दिसणारा माझ्या भागातला कोण?" असा उलटा प्रश्न विचारा. जगात भुंगेऱ्यांच्या सुमारे ४ लाख जातींना नावं दिली गेली आहेत. कोणत्याही गाजलेल्या परक्या भुंगेऱ्यासारखा दिसणारा कुणीतरी जवळपास असतोच.

जपानी भुंगेऱ्याचं डोकं आणि ढाल हिरवी, पंख तांब्यासारखे. युरोपातला फिलोपर्था हॉर्टिकोला हा बागेतला भुंगेराही मापाने आणि रंगाने तसाच. फरक पोटाच्या कडेला आहे: जपानी भुंगेऱ्याच्या पंखांखालून प्रत्येक बाजूला पांढऱ्या केसांचे पाच झुपके डोकावतात आणि शेपटाकडे आणखी दोन असतात. फिलोपर्थाला हे झुपके नसतात. पण हीच खूण आशियात किंवा आफ्रिकेत एकटी पुरी पडत नाही, कारण पॉपिलिया वंशातल्या तिथल्या इतर जातींवरही पांढरे झुपके असतात. खूण किती बोलते हे ठिकाणावर ठरतं.

आशियाई लांबशिंग्या (अ‍ॅनोप्लोफोरा ग्लॅब्रिपेनिस) साधारण २ ते ३.५ सेंमी, चकचकीत काळा, पांढरे वेडेवाकडे ठिपके, मिशांवर काळे-पांढरे आडवे पट्टे. उत्तर अमेरिकेतला पांढऱ्या ठिपक्यांचा सॉयर भुंगेरा त्याच्यासारखा दिसतो आणि लोक घाबरतात. सॉयरच्या पाठीवर, दोन्ही पंख जिथे सुरू होतात तिथे मधोमध, एक पांढरा ठिपका असतो. आशियाई लांबशिंग्याची ती जागा काळी असते. शिवाय सॉयर सूचिपर्णी झाडांचा, आणि आशियाई लांबशिंग्या मेपल, विलो, पॉप्लर, एल्म अशा रुंद पानांच्या झाडांचा.

जुळ्याची आणि संशयिताची यादी शेजारी शेजारी मांडा, आणि फक्त फरकाच्या जागा तपासा. साम्याच्या शंभर जागा जुळल्या तरी त्यांनी काही सिद्ध होत नाही.

७. 'परका' म्हणजे कुठे परका?

भुंगेरा जन्मजात परका नसतो. तो एखाद्या ठिकाणी परका असतो. नारळाचा गेंड्या भुंगा दक्षिण आणि आग्नेय आशियातला मूळ रहिवासी. तोच २००७ मध्ये ग्वाममध्ये आणि २०१३ मध्ये हवाईत सापडला तेव्हा तिथल्या माडांवरचं संकट ठरला. माडाच्या झावळ्यांवरचे इंग्रजी 'व्ही'सारखे काप दोन्हीकडे सारखेच, अर्थ मात्र वेगळा: एकीकडे नेहमीची कीड, दुसरीकडे तातडीची बातमी.

म्हणून नाव कळल्यावर लगेच हत्यार उचलू नका. आधी तो कोणत्या खान्यात बसतो ते पाहा. तो स्थानिक असू शकतो. बाहेरून येऊन कित्येक दशकं स्थिरावलेला असू शकतो; मग त्याला हुसकावून लावण्याची वेळ गेलेली असते, फक्त आवरायचं असतं. तिसरा खाना लोकांच्या लक्षात येत नाही, तो मुद्दाम आणलेल्यांचा. रोडोलिया कार्डिनॅलिस हा छोटा लेडीबर्ड १८८८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात नेला गेला आणि त्याने संत्री-लिंबाच्या बागा खवले किडीपासून वाचवल्या. मेक्सिकन भुंगेरा भारतात १९८० च्या दशकात गाजर गवत आटोक्यात ठेवण्यासाठीच आणला गेला. हे दोघंही परके, पण यांना मारणं म्हणजे स्वतःच्या बागेचं नुकसान करणं. याउलट हार्लेक्विन लेडीबर्डही माव्यावर उपाय म्हणूनच अमेरिकेत आणि युरोपात आणला गेला, आणि पुढे स्थानिक लेडीबर्डना डोईजड झाला. तेव्हा 'मुद्दाम आणलेला' म्हणजे 'निर्धोक' असंही नाही. चौथा खाना नव्याने आलेल्यांचा, आणि आपली सगळी धडपड त्याच्यासाठी आहे.

खाना ठरवायला जीबीआयएफ आणि आयनॅचरलिस्ट या जीवजातींच्या नोंदी साठवणाऱ्या संकेतस्थळांचे नकाशे आणि ईपीपीओ या युरोपीय वनस्पती संरक्षण संघटनेचा जागतिक माहितीसंग्रह मोफत पाहता येतो. नकाशावर तुमच्या भागात एखादा ठिपका दिसला तर तो उघडून पाहा. नोंद कधीची, फोटो आहे का, ओळख कुणी पक्की केली, किडा बंदरावरच्या मालात पकडला गेला होता की बागेत मोकळा सापडला? आणि ठिपका नसेल तर "इथे नाहीच" असं धरू नका. ठिपका नसण्याचं कारण तो अजून कुणी कळवला नाही इतकंच असू शकतं.

८. खोडावरची भोकं

इथून पुढे सावकाश आणि हात न लावता.

भोकाचा आकार आणि व्यास मोजपट्टीसह टिपा. आशियाई लांबशिंग्या बाहेर पडतो ते भोक नीट गोल असतं, साधारण १ सेंमी किंवा किंचित मोठं. पेन्सिल सहज आत जाते. अ‍ॅग्रिलस प्लॅनिपेनिसचं भोक ३ ते ४ मिमी, एका बाजूने सपाट, इंग्रजी 'डी'सारखं, आणि सालीखाली नागमोडी बोगदे असतात. भुसाही पाहा: पिठासारखा बारीक की लाकडाच्या तुसांसारखा जाड, बुंध्याशी पडला आहे की फांद्यांच्या बेचक्यात. झाड जिवंत आहे की आधीच वाळलेलं, हे सर्वांत महत्त्वाचं. मेलेल्या लाकडात स्थानिक भिरूड आणि इतर पोखरे असायचेच, ते त्यांचं कामच आहे. दिसायला ठणठणीत अशा झाडात नवी गोल भोकं पडणं ही वेगळी गोष्ट आहे.

साल उचकटू नका, फांदी कापू नका, भोकात तार किंवा औषध घालू नका. आत अळ्या असतील तर कापलेली फांदी हेच त्यांचं वाहन होतं. लाकूड पोखरणारे भुंगेरे नव्या भागात पोचतात ते पुष्कळदा सरपणातून. फोटो काढा, झाडाला खुणेची दोरी बांधा आणि पुढच्या भागाकडे वळा.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

खालीलपैकी काहीही लागू असेल तर घरची तपासणी इथे संपली.

जिवंत झाडाच्या खोडावर वर सांगितल्यासारखी भोकं आहेत. नाव पक्कं झालेलं नसलं तरी कळवा. पक्कं करणं हे तुमचं काम नाही.

संशयित तुमच्या देशाच्या विलगीकरण किंवा तात्काळ कळवायच्या किडींच्या यादीत आहे आणि जुळ्याच्या कसोटीवर तो गळाला नाही. "अजून एक सापडला की कळवू" असं करू नका.

हाती फक्त अळ्या आहेत. हुमणीच्या अळीची जात पोटाच्या टोकाखालच्या बारीक केसांच्या मांडणीवरून ओळखतात. जपानी भुंगेऱ्याच्या अळीला तिथे इंग्रजी 'व्ही'सारखी मांडणी असते, पण ती भिंगाखाली सरावलेल्या डोळ्यांनाच धड दिसते. "वाढवून पाहू काय निघतं" म्हणून अळ्या घरी पोसू नका. निघालेला भुंगेरा निसटला तर तुम्ही स्वतःच त्याचा प्रसार केलात.

जुळे इतके जवळचे आहेत की बाहेरून फरकच नाही. काही वंशांमध्ये जात ठरते ती नराच्या जननेंद्रियाच्या रचनेवरून, आणि ते विच्छेदन प्रयोगशाळेतच होतं. तिथेही अडलं तर डीएनए बारकोड काढतात: ठराविक जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचून नोंदींशी ताडतात. भिंग कितीही चांगलं घेतलंत तरी ही जागा भरून निघत नाही.

आणि किड्याच्या संपर्काने कातडीवर फोड आले असतील किंवा डोळ्यात जळजळ असेल तर आधी पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जा. किड्याचं नाव नंतर शोधता येईल.

कळवायचं कुणाला? कृषी खात्याचं वनस्पती संरक्षण किंवा विलगीकरण कार्यालय हे पहिलं ठिकाण. ते सापडत नसेल तर जवळच्या कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग किंवा निसर्ग-इतिहास संग्रहालय. औषध विकणाऱ्याचं मत हे तज्ज्ञाचं मत धरू नका, कारण त्याच्याकडे गेलं की चर्चा 'काय मारायचं' इथून सुरू होते, 'कोण आहे' इथून नाही. निरोपात पाचही फोटो, लांबी, तारीख, नकाशावरचा नेमका बिंदू, झाडाचं नाव, किती दिसले आणि नमुना फ्रीझरमध्ये ठेवला आहे का, एवढं लिहा. तुमचा अंदाज लिहायला हरकत नाही, पण तो शेवटी लिहा. सुरुवातीलाच नाव वाचलं की पाहणाऱ्याची नजरही तिकडेच वळते.

असा निरोप पाठवायला संकोच वाटणारी माणसं मला फार भेटतात. "साधाच निघाला तर?" निघू दे. अमेरिकेतल्या वुस्टर शहरात २००८ साली आशियाई लांबशिंग्या उघडकीला आला तो एका रहिवासी बाईंनी आपल्या अंगणात दिसलेला भुंगेरा कळवला म्हणून. शिकागोत हाच किडा १९९८ मध्ये सापडला आणि २००८ मध्ये तिथून संपल्याचं जाहीर झालं. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात तो २०१२ मध्ये सापडला आणि २०१९ मध्ये निर्मूलन जाहीर झालं. अ‍ॅग्रिलस प्लॅनिपेनिसच्या बाबतीत उलट घडलं. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ त्याची ओळख पटली तेव्हा तो तिथे काही वर्षं आधीच मुरलेला होता, आणि उत्तर अमेरिकेत त्याने कोट्यवधी अ‍ॅश झाडं मारली.

उत्तर येईपर्यंत

त्या झाडाखालची माती, कुंड्या, छाटलेल्या फांद्या किंवा पालापाचोळा बागेबाहेर नेऊ नका, कुणाला रोपं देऊ नका. दर दोन-तीन दिवसांनी त्याच वेळी तेच झाड पाहा आणि किती किडे दिसले ते लिहून ठेवा. शून्य असेल तर शून्य लिहा, तीही नोंदच आहे. आणखी किडे दिसले तर काही फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाकीचे साबणाच्या पाण्यात टाका, पण ते इथल्या जुळ्याशी जुळत नाहीत याची आधी खात्री करा. कामगंधाचे सापळे घाईने लावू नका. जपानी भुंगेऱ्याच्या सापळ्यांकडे आजूबाजूचे भुंगेरेही खेचले जातात आणि सापळ्यात न पडलेले तुमच्याच झाडांवर उतरतात. सापळा लावायचा का आणि कुठे, हे पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला ठरवू द्या.

दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर त्याच निरोपाला नव्या नोंदी जोडून पुन्हा पाठवा, आणि नमुना तोवर फ्रीझरमधून काढू नका.